पुढे दोन, मागे दोन

१

विनया बिडकर लखनौच्या एका मुलींच्या डिग्री कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची सांख्यिकी भौतिकी तिच्याकडे होती, आणि दर हिवाळ्यात वर्ग एकाच जागी अडायचा. एका डब्यातले रेणू, काही या अर्ध्यात, काही त्या अर्ध्यात. कुठल्या वाटणीची शक्यता किती? मुली सूत्र पाठ करायच्या, गणितंही सोडवायच्या, पण चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. १९८२ च्या डिसेंबरात तिनं ठरवलं, यंदा रेणू राहू देत, घरातली माणसंच घेऊ.

घर या कामाला सोयीचं होतं. विकासनगरमधलं नवंकोरं बांधकाम, राहायला येऊन चार महिने झालेले, भिंतींना अजून चुन्याचा वास. दोन्ही बाजूंचे प्लॉट रिकामे. पुढे बैठक आणि व्हरांडा, मागे एक खोली आणि स्वयंपाकघर, मधे अरुंद बोळकंडी. त्या बोळकंडीत सासऱ्यांची खाट होती. सदाशिवराव, म्हणजे घरातले अण्णा, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले आणि बायको गेल्यावर कऱ्हाडहून मुलाकडे आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टर म्हणत होते अजून पिकू द्या. माणसं त्यांना धुरकट दिसत. कान मात्र असे तिखट होते की गल्लीत शिरलेली सायकल कुणाची, हे ते खाटेवरून सांगत.

विनयानं त्यांना जाड स्केचपेन आणि एक वही दिली. "अण्णा, संध्याकाळी सव्वासात ते नऊ. भिंतीवरचं घड्याळ दर पाव तासाला वाजतं. ते वाजलं की पुढं किती माणसं आणि मागं किती, एवढंच लिहायचं. तुम्ही मधे आहात, तुम्हाला धरायचं नाही. मी, उल्हास आणि नयना, तिघंच."

"कोण कुठं तेही लिहू?"

"नको. फक्त किती."

उल्हास, तिचा नवरा, एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ होता. नागपूरला दोघं एकाच वर्गात होते, त्यामुळे घरात अरेतुरे चालायचं. तो जेवताना हसला. "रेणूंना भूक लागत नाही, विनया. आपल्या लेकीला लागते. ती तुझ्या गणिताप्रमाणे फिरणार नाही."

"मम्मी, मैं रेणू नहीं हूँ," पंधरा वर्षांची नयना म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडून हिंदीच यायची.

विनयाला ते मान्य होतं. तरी संध्याकाळी तिघं बरीच इकडून तिकडे फिरत. तीन माणसं, दोन जागा, एकूण आठ तऱ्हा. तिघंही पुढे, ही एकच तऱ्हा. तिघंही मागे, तीही एकच. पण दोघं पुढे आणि एक मागे म्हटलं, तर मागचं ते एक तिघांपैकी कुणीही असेल, म्हणून तीन तऱ्हा. एक पुढे, दोघं मागे, याच्याही तीन. दहा दिवसांत ऐंशी नोंदी घेतल्या, तर साधारण दहा, तीस, तीस, दहा अशा विभागून याव्यात.

२

दहा दिवस झाले त्या सोमवारी तिला उशीर झाला होता. अण्णांच्या उशाची वही पर्समध्ये टाकून ती धुक्यात रिक्षानं कॉलेजला गेली. वर्गात तिनं वही पुढच्या बाकावरच्या मुलीला वाचायला दिली आणि स्वतः फळ्यावर रेघा मारू लागली.

"आगे दो, पीछे दो," मुलगी वाचू लागली. "आगे एक, पीछे तीन. आगे दो, पीछे दो. आगे तीन, पीछे एक."

विनयाचा खडू थांबला. तिला वाटलं, अण्णांनी स्वतःलाही धरलं. तिनं सगळं वाचून होऊ दिलं. ऐंशीच्या ऐंशी ओळींची बेरीज चार होती.

फळ्यावर आकडे आले: पुढे कुणीच नाही, पाच वेळा. एक, एकोणीस वेळा. दोन, एकतीस वेळा. तीन, वीस वेळा. चार, पाच वेळा.

मुलींनी वह्यांत मांडलं, आणि पहिल्यांदाच वर्गात कुजबुज झाली. त्यांना मजा वाटत होती. "मैम, बिल्कुल फिट हो गया," पुढची मुलगी म्हणाली. "चार लोग हैं आपके यहाँ."

"तीन हैं," विनया म्हणाली. "चौथे मेरे ससुर हैं, वे तो हिलते नहीं."

"नहीं मैम. कोई एक जगह बैठा रहता तो हिसाब ऐसे नहीं आता. चारों चल रहे हैं."

मुलीचं बरोबर होतं. न हलणाऱ्या माणसामुळे आकडे एका बाजूला कलले असते. चुकून मोजलेल्या माणसानंही वेडेवाकडे आकडे दिले असते. हे आकडे चार माणसांचे होते, चौघंही आपापल्या मर्जीनं फिरणारी. विनयानं शाबासकी दिली आणि फळा पुसला.   

३

"मी स्वतःला कशाला धरीन?" अण्णा म्हणाले. त्यांना जरा राग आला होता. "तीस वर्षं गाडी सोडलीय मी. मोजायला येत नाही होय मला?"

"मग चौथं कोण, अण्णा?"

"ते मला काय विचारतेस? तू मोजायला सांगितलंस. ओळखायला नाही."

उल्हासनं त्यांना हजरतगंजमधल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले कान मी पाहिले नाहीत.  घरी आल्यावर उल्हास म्हणाला, "बंद कर ते रजिस्टर. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात नसतं ते शिरतं."

विनयाला ते पटलंही होतं. पण रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर सिनेमा होता. उल्हास, नयना आणि ती, तिघंही बैठकीत एका रजईत पाय घालून बसली होती. घड्याळाचा ठोका पडला. ती उठली, बोळकंडीच्या तोंडाशी गेली. आता रजईत दोघं, आणि दाराशी ती, तिघंही पुढेच.

"अण्णा, पुढं किती?"

"तीन."

"आणि मागं?"

"एक," अण्णा म्हणाले. पडल्या पडल्या त्यांनी मान जरा मागच्या बाजूला वळवली. "मटार सोलतंय."

सिनेमातलं गाणं चालू होतं. विनयानं आवाज कमी करायला सांगितलं नाही. मग ती बोळकंडीतून मागे गेली. मागच्या खोलीत दिवा लावला: नयनाचं टेबल, कंपासपेटी, पलंगावर घडी न घातलेला स्वेटर. स्वयंपाकघरात दिवा लावला. ओट्यावर परात होती, तीत तिनंच दुपारी आणून ठेवलेले मटार. थोडे सोललेले होते. ते आपण सोलले होते का, हे तिला आठवेना. दुपारी शेंगा परातीत ओतताना उल्हासनं हाक मारली होती, तेवढं आठवत होतं.

ती परत आली, तेव्हा अण्णांनी वहीत मोठा दोन काढला होता, आणि त्याच्यापुढे आणखी एक दोन.

"आत्ता तू मागं गेलीस ना," ते म्हणाले. "तेव्हा दोन होते."

४

रजिस्टर बंद झालं नाही. उल्हासला न सांगता विनयानं आणखी दहा दिवस नोंदी घेतल्या. तिचं म्हणणं स्वतःशी असं होतं की भीती वाटतेय ती अपुऱ्या माहितीची. माहिती वाढली की कुठेतरी चूक सापडेल. कॉलेजातून आली की ती स्वयंपाकाला लागायची, आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत कान मागेपुढे फिरवत राहायची. तिला तिघांखेरीज कुणाचा आवाज आला नाही. पाऊल नाही, श्वास नाही, भांडं नाही. घर इतकं नवं होतं की दारंसुद्धा कुरकुरत नव्हती.

दहाव्या दिवशी तिनं आकडे मांडले. दहा, एकवीस, एकोणीस, वीस, दहा.

तिनं ते पुन्हा एकदा मोजले. बेरीज अजून चारच होती, पण मधला उंचवटा गेला होता. दोन-दोनची वाटणी एकतीसवरून एकोणीसवर आली होती, आणि टोकाच्या वाटण्या दुप्पट झाल्या होत्या. चौघं आपापल्या मर्जीनं फिरत असले, तर मधली वाटणी सगळ्यात जास्त वेळा येते. हे सपाटीकरण एकाच कारणानं होतं. चौघांपैकी दोघं आता बरोबर फिरत होते. एक जिथे जाईल, तिथे दुसरं.

कोण, ते आकड्यांत नव्हतं. तसं तिनंच अण्णांना सांगितलं होतं.

मागच्या खोलीत नयना अभ्यास करत होती. विनया दाराशी उभी राहिली. मुलगी हळू आवाजात काहीतरी बोलत होती, मधेच थांबत होती, पुन्हा बोलत होती.

"कुणाशी बोलत होतीस?"

"किसी से नहीं. याद कर रही थी, मम्मी." नयनानं पुस्तक उलटं करून दाखवलं. इतिहास होता. "आप आजकल ऐसे क्यों देखती हैं मुझे?"

विनयानं त्याच शनिवारी तिला अमौसीला पाठवलं. उल्हासची बहीण हेमा तिथे विमानतळावर नोकरीला होती, तिला क्वार्टर मिळालं होतं. शाळा लांब पडणार होती, परीक्षा तोंडावर होती. नयना रडली. उल्हास दारात उभा राहून म्हणाला, "कारण तरी सांगशील का तिला?" विनयानं तिचा स्वेटर बॅगेत कोंबला आणि बॅगेची चेन लावली. चेन अडकली, ती जोरानं ओढत राहिली.

५

नयना गेली, तसं घर शांत झालं. अण्णांनी पहिल्याच संध्याकाळी लिहिलं: पुढे दोन, मागे एक.

म्हणजे ते तिच्याबरोबर गेलं नव्हतं. विनयाला आधी इतकं हलकं वाटलं की ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग दुसरा विचार आला. उल्हास, मी आणि ते. तिघं. आता ते कुणाला चिकटलेलं नसेल, तर पुन्हा नेहमीची वाटणी दिसायला हवी: कडेला कमी, मधे तिप्पट.

पाच संध्याकाळी, चाळीस नोंदी. दहा, अकरा, नऊ, दहा.

चारही आकडे जवळजवळ सारखे. असं तेव्हाच होतं, जेव्हा एक माणूस एकटं फिरतं आणि उरलेली दोन सतत जोडीनं. नयनाला उगाच घराबाहेर काढलं होतं. लेकीवर, नवऱ्यावर नजर ठेवताना तिनं एक नाव कधी धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उल्हास घरात शिरताच तिनं त्याला दूध आणायला पाठवलं. फाटक लागल्याचा आवाज झाला. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभी राहिली, पाठ भिंतीला लावून.

"अण्णा, मागं किती?"

"दोन."

ती बोळकंडीतून अण्णांच्या खाटेला वळसा घालून बैठकीत आली. "आता?"

"पुढं दोन. मागं कुणी नाही."

पुन्हा मागे. "दोन." पुन्हा पुढे. "दोन." ती बोळकंडीच्या मधोमध थांबली, खाटेच्या पायाशी. अण्णांचे धुरकट डोळे तिच्या अंगावर होते आणि मग किंचित बाजूला, तिच्या खांद्याच्या मागे.

"काय ऐकू येतं तुम्हाला, अण्णा?"

 सुनेला घाबरवायचं अण्णांच्या मनात नव्हतं. "तुझंच पाऊल," ते म्हणाले. "पण तू थांबलीस की ते अर्ध्या पावलानं थांबतं. पहिल्यांदा दोन-दोन पावलांनी थांबायचं. आता शिकलंय."

६

तिनं जास्त वेळ घेतला नाही. कॉलेजच्या होस्टेलात वॉर्डन रजेवर होती, तिची खोली रिकामी होती. परीक्षा होईपर्यंत मी राहते, असं तिनं प्रिन्सिपलबाईंना सांगितलं. उल्हासला तिनं सगळं खरं सांगितलं. तो शास्त्रज्ञ होता, आकडे वाचू शकत होता. कागद वाचून तो म्हणाला, "समजा हे खरं धरलं, तरी तू एकटी तिकडे..."

"मी एकटी नसेन, म्हणून तर जायचं. नयनाला घरी आण."

ती ट्रंक घेऊन गेली. पहिल्या रविवारी उल्हास तिची जाड रजई घेऊन आला आणि खोलीच्या दारात उभा राहून डोळे पुसून गेला. दुसऱ्या रविवारी नयनाही आली. ती नाराज होती, पण जाताना तिनं आईचा हात धरला. तिसऱ्या रविवारी उल्हास एकटा आला, दहा मिनिटं बसला. चौथ्या रविवारी कुणी आलं नाही. पाचव्यालाही नाही.

विनयानं वाट पाहिली, ती त्यांची नाही. खोलीत खुर्ची ओढून ती भिंतीकडे पाठ करून बसायची. चालताना एकदम थांबायची आणि ऐकायची. मेसमध्ये वाढणाऱ्या बाईनं कधी तिच्यापुढे दोन ताटं ठेवली नाहीत. शेजारच्या खोलीतल्या मुलीला तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, माझ्या खोलीतून रात्री आवाज येतो का? "नहीं मैम, आप तो बहुत शांत रहती हैं."

महिन्याभरानं तिला खात्री पटली की खोलीत ती एकटीच आहे. त्या रात्री तिला कित्येक आठवड्यांनी गाढ झोप लागली. सकाळी जाग आली तीच एका विचारानं, आणि ती उठून बसली. ते तिच्याबरोबर आलं नव्हतं. मग ते कुठे होतं?

होस्टेलच्या ऑफिसात फोन होता, पण विकासनगरच्या घरी फोन नव्हता. तिनं उल्हासच्या संस्थेत लावला. तो लाइनवर आला.

"उल्हास, अण्णा अजून मोजतात का?"

"मोजतात की. सवयच लागलीय." त्याचा आवाज निवांत होता, घरच्या माणसाशी बोलावं तसा नाही, ऑफिसातल्या कुणाशी बोलावं तसा. "आता बरोबर येतं. तीन."

"तीन?"

"हो, तीन. आपण कोण बोलताय?"

७

ती रविवारी दुपारी गेली. फेब्रुवारीतलं ऊन पडलं होतं. रिक्षा कोपऱ्यावर सोडून ती चालत फाटकापर्यंत आली आणि हात कडीवर ठेवून उभी राहिली.

व्हरांड्यात सतरंजीवर उल्हास आणि नयना बसले होते. दोघांच्या मधे वर्तमानपत्रावर भुईमुगाच्या शेंगा. नयनाचे केस नुकतेच धुतलेले, पाठीवर मोकळे. केसांना कुणीतरी तेल लावून मग ते धुतले असणार. एकटीला तिला ते कधी जमत नसे. विनयाला ते बघूनच भरून आलं. दोघं काहीतरी बोलत होते आणि उल्हास हसत होता.

आतून, मागच्या बाजूनं, कुकरची शिट्टी ऐकू आली. दुसरी झाली. तिसरी झाली, आणि कुणीतरी गॅस बंद केला.

"मम्मी," नयनानं मान न वळवता हाक मारली, "नमक भी ले आना."

 मग बैठकीच्या दाराचा पडदा बाजूला झाला आणि एक हात बाहेर आला. हातात वाटी होती. करड्या लोकरीची बाही मनगटापर्यंत, त्याखाली दोन हिरव्या बांगड्या. वाटी धरण्याची पद्धत थेट विनयाची, अंगठा आतल्या बाजूला. त्यावरून उल्हास तिला नेहमी टोकायचा. नयनानं वाटी घेतली. हात परत गेला, तो जरा सावकाश गेला, पडद्याच्या कडेशी घुटमळून.

विनयानं कडी काढली. तिला वाटलं होतं की ती धावेल. ती चारच पावलं आत गेली आणि बागेच्या वाफ्यापाशी थांबली.

खाटेवरून अण्णांचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "उल्हास. पुढं तीन झाले."

उल्हासचा हात शेंगांवर राहिला. "आणि मागं?"

"मागं एक आहेच की."

मागच्या बाजूला भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. नयनानं वर पाहिलं. फाटकापासून वाफ्यापर्यंतची जागा तिनं नजरेनं चाचपली, जिथे तिची आई उभी होती तिथूनही नजर आरपार गेली, आणि ती शेंगा सांडत बापाच्या पाठीमागे सरकली.

"नयना," विनया म्हणाली.

उल्हास उठून उभा राहिला. तो घाबरला होता, पण त्यानं हात मागे करून मुलीला धरलं आणि वाफ्याकडे न बघता दाराकडे तोंड करून, समजुतीच्या आवाजात हाक मारली.

"विनया, तू आतच थांब. मी सांगेपर्यंत बाहेर येऊ नकोस."